वबरियाचा ढीग

वबरिया वारली तो दिवस वेगळा. त्या दिवशी बसऱ्याच्या दवाखान्यातून मुलाचा, सत्तारचा फोन आला, गाडीच्या टपावर पेटी बांधून तिला दफनासाठी नजफला नेलं, आणि मग अंगणात तंबू ठोकून सांत्वनाला आलेली माणसं कडू कॉफी पीत बसली. त्या सगळ्या गर्दीत तिचा नवरा, होड्या बांधणारा उस्ता लफ्ता, ताठ उभा होता. येणाऱ्याला सामोरा गेला, जाणाऱ्याला फाटकापर्यंत सोडायला गेला. आपलं काय गेलं ते त्याला तेव्हा कळलं नव्हतं. ते कळलं उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका दुपारी, खय्यूनच्या नव्या मशूफसमोर.

मशूफ, म्हणजे दलदलीतली लांबट अरुंद होडी, दोन ओंडक्यांवर पालथी घातली होती. सकाळीच लफ्ताने तिला डांबर चढवलं होतं. काळीभोर, गुळगुळीत, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एकसारखी. हात धुवून, भाकरी खाऊन, नमाज पढून तो परत आला आणि जागीच थांबला. डांबर जागेवर नव्हतं. उन्हानं ते पातळ होऊन दोन्ही कुशींवरून खाली ओघळलं होतं आणि काठाला जाड मणी लोंबत होते. वर, होडीच्या पोटावर, पिवळ्या फळ्या उघड्या पडल्या होत्या. आजारी म्हशीच्या बरगड्या दिसाव्यात तशा.

खय्यून तिथेच स्टूल टाकून बसला होता. वबरियाचा धाकटा भाऊ, दलदलीत आत राहणारा, म्हशींवर जगणारा माणूस. त्यानं होडीकडे पाहिलं, मग मेव्हण्याकडे पाहिलं.

"अबू सत्तार," त्यानं नेहमीसारखी मुलाच्या नावानं हाक मारली, "हिला तर माझ्यापेक्षा जास्त घाम फुटलाय."

लफ्ता हसला नाही. तीस-पस्तीस वर्षं तो हुवैरच्या कालव्यावर होड्या बांधत होता. त्याच्याकडे नकाशा नसे, मापाची पट्टी नसे. वाकस उचलायचा, फळीवरून डोळा फिरवायचा आणि तासायला बसायचं. होडी पाण्यात उतरली की दोन्ही टोकं सारखी वर येत. गिऱ्हाईक विचारी की उस्ता, डांबर टिकेल ना, तर तो सांगे, "माझं डांबर आहे." आणि ते टिके. वर्षभर टिके. वर्षानं माणूस होडी परत आणी, जुनं खरवडून नवं चढवून घेई आणि जाई.

लाकूड लफ्ताचं आणि आग वबरियाची, अशी त्या घरात वाटणी होती. ती कधी कुणी ठरवली नव्हती. गोवऱ्या आणि वाळका बोरू पेटवून ती मोठं भांडं चढवी, आणि लफ्ताला धुरानं खोकला येतो म्हणून त्याला गिऱ्हाइकाकडे चहा प्यायला पिटाळी. तो परत येई तेव्हा डांबर तयार असे. मग तो लाकडी रूळ घेऊन, पोळी लाटावी तसं ते होडीवर पसरी. पसरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मधलं काय होतं ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. डांबर शिजवायचं म्हणजे शिजवायचं, त्यात पाहायचं काय?

त्या संध्याकाळी त्यानं ते सगळं खरवडून काढलं. सकाळी पुन्हा भांडं चढवलं आणि या वेळी खूप वेळ आटवलं. डांबर घट्ट झालं. उन्हातही हललं नाही, म्हणून लफ्ताची छाती फुगली. पण होडी उलटवायला माणसांनी हात लावला आणि अंड्याचं कवच तडकावं तसे त्याचे पापुद्रे उडाले. मग त्यानं राख घालून पाहिली. त्याच्या गुठळ्या झाल्या.

खय्यून रोज सकाळी येऊन स्टुलावर बसे. तो बोलायला तोंडाळ होता, पण या प्रकरणात त्यानं जीभ आवरून धरली होती, आणि लफ्ताला तेच जास्त लागत होतं. खय्यूनची अडचण खरी होती. पाणी उतरत चाललं होतं, हिरवं गवत लांब लांब जात होतं, म्हशी व्यायला झाल्या होत्या. जुनी होडी प्लॅस्टिकचा कागद ठोकून चालवली होती आणि आता तीही बसली होती. शेवटी त्यानं सांगून टाकलं की येत्या जुम्म्यापर्यंत मी थांबतो. त्यानंतर मला कालव्यावरच्या जुवैदकडून फायबरची होडी घ्यावी लागेल.

"मला हौस नाही," तो म्हणाला. "पण म्हशींना काय सांगू? उस्ताला दुःख झालंय, तुम्ही उपाशी राहा?"

 लफ्ताला हिशेब स्पष्ट दिसत होता. वबरियाचा सख्खा भाऊ फायबरच्या होडीत बसून दलदलीत फिरला, की आणखी कुणाला काही सांगायची गरज उरणार नव्हती. कालव्यावर लाकडाच्या होड्या बांधणारे एकेक करून उठले होते. लफ्ताचा कारखाना टिकला होता तो त्याच्या होड्या टिकत होत्या म्हणून.

त्याची मुलगी कौकब सूक गावात दिली होती. आई गेल्यापासून ती आठवड्यातून एकदा येई, बापाचे कपडे धुई, दोन दिवसांचं शिजवून ठेवी. त्या दिवशी ती डोक्यावर म्हशीच्या सायीची परात घेऊन फाटकातून आत आली, आणि परात खाली ठेवायच्या आधीच तिनं भांड्यात डोकावून पाहिलं.

"बाबा, जुनं कुठंय?"

"कसलं जुनं?"

"खरवडलेलं. स्वयंपाकघराच्या मागे ढीग असायचा ना, आईचा. त्यातलं घातलंच नाहीत?"

लफ्ता हातातला दांडा धरून तसाच उभा राहिला.

ढीग त्याला चांगला आठवत होता. काळ्या ढेकळांचा, कोंबड्यांनी उकरलेला, वर्षानुवर्षं तिथेच पडलेला. होड्यांवरून खरवडलेलं सगळं वबरिया तिथे नेऊन टाकी. त्याला कितीदा तरी ठेच लागली होती, आणि दर वेळी त्यानं शिव्या घातल्या होत्या. ती म्हणे, "माझा ढीग आहे. तुम्ही तुमचं लाकूड बघा." त्याला वाटायचं, चुलीला लावायला ठेवते. ती गेल्यावर तंबू घालायचा होता, कॉफीचं सामान मांडायला जागा हवी होती, सगळ्या दलदलीतून माणसं येणार होती. घर नीट दिसायला हवं होतं, तिच्यासाठी. त्यानं स्वतः हात दाखवून सांगितलं होतं, ही घाण उचला.

कौकबनं जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. नुसतं नवं डांबर उभं राहत नाही. त्यात ऊनपाणी खाल्लेलं जुनं लागतं, तेव्हा त्याला अंग येतं. किती घालायचं ते आईनं तिला सांगितलं नव्हतं, धूर लागेल म्हणून लहानपणी तिला लांब बसवलं जाई. पण लांबून एक गोष्ट दिसे. आई भांड्यातून दांडा काढी, ओल्या बोरूवर डांबराची धार सोडी, आणि निवलं की तो बोरू वाकवून पाही.

एवढं सांगून तिनं कालव्याकडे पाहिलं. घाटावर वबरियाची स्वतःची मशूफ बांधलेली होती. लहानशी, एकट्या बाईला वल्हवता येईल अशी. तिच्यावरचं डांबर वबरियानं गेल्या वर्षी स्वतःच चढवलं होतं, चांगलं बोटभर जाड. खय्यूनही तिकडेच बघू लागला.

"तिला हात लावायचा नाही," लफ्ता म्हणाला.

कुणी लावणार असं म्हटलंही नव्हतं.

ढीग कुठे गेला ते शोधायला वेळ लागला नाही. तो तीनचाकीवाल्या अब्बूदनं उचलला होता, आणि अब्बूदला सगळं आठवत होतं. त्यानं खुशीत सांगितलं की ते वाया नाही घालवलं उस्ता, जुवैदच्या आवाराची जमीन भुसभुशीत होती, त्याच्या ट्रकचं चाक रुतायचं, तर तिथे भरावाला टाकलं. आता दगडासारखी झाली आहे जमीन.

लफ्तानं कुदळ उचलली. खय्यूननं घमेलं घेतलं. वाटेत खय्यून म्हणाला की मी आत जाऊन बोलतो, तू बाहेर थांब. लफ्ता थांबला नाही.

जुवैदच्या आवारात तो फायबर आल्यापासून गेला नव्हता. त्याआधी मात्र रोज जात असे, कारण तेच त्याच्या उस्ताचं आवार होतं. जुवैदच्या बापानं त्याच्या हातात पहिल्यांदा वाकस दिला तो तिथेच, चिंचोळ्या छपराखाली. बाप गेला आणि जुवैदनं छप्पर पाडलं. आता तिथे पांढऱ्या आणि निळ्या होड्या एकीत एक बसवून ठेवल्या होत्या, धुतलेल्या वाडग्यांसारख्या.

जुवैद खुर्चीवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. लफ्ताला पाहून तो उठला. बापाच्या हाताखालच्या माणसासमोर बसून राहण्याएवढा तो बिघडलेला नव्हता.

"या उस्ता. इतक्या वर्षांनी पाय लागले. कुठली दाखवू, पांढरी की निळी?"

"काळी."

"काळी मी ठेवत नाही."

"ठेवतोस," लफ्ता म्हणाला. "तुझ्या पायाखाली आहे."

जुवैदनं खाली पाहिलं. मग कुदळीकडे पाहिलं. मग त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं बायको गेल्यापासून डोकं फिरलंय, आणि तो खय्यूनकडे बघू लागला. खय्यूननं मान हलवून सांगितलं की नाही, ठीक आहे.

लफ्ताला वेगळं काही सांगता आलं असतं. वाटेत त्यानं दोन-तीन सबबी जुळवूनही ठेवल्या होत्या. पण जुन्या छपराची जागा समोर दिसत होती, आणि तिथे उभं राहून त्याला खोटं बोलवेना.

"डांबर वबरिया करायची," तो म्हणाला. "मी नाही. त्यात जुनं लागतं, आणि ते मी फेकून दिलं. मला ठाऊकच नव्हतं."

जुवैदनं तोंडातलं साल थुंकलं.

"उस्ता, तीच करायची हे सगळ्या हुवैरला ठाऊक होतं. तुम्हाला सोडून."

खय्यून जमिनीकडे बघू लागला. लफ्ताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बायका आपसात, घाटावर, होड्यांची पोटं चाचपताना काय बोलत असतील ते त्याला एकदम ऐकू आल्यासारखं झालं. मग जरा वेळानं, का कोण जाणे, त्याला बरं वाटलं. तिचं नाव झालेलं होतं. फक्त ते त्याच्या घरापर्यंत पोहोचलं नव्हतं.

"मग खणू?" त्यानं विचारलं.

"माझा ट्रक यायचाय. चाक रुतलं तर?"

"रुतलं तर मी बाहेर काढीन."

"तुम्ही? या वयात?"

"भरलेली होडी चिखलातून कशी ओढायची ते तुझ्या बापानं मला याच जागेवर शिकवलं. ट्रक काय, त्याला तर चाकं असतात."

जुवैद हसला. हसला की तो बापासारखा दिसे. खणा म्हणाला, पण खड्डे विटांच्या तुकड्यांनी भरून द्यायचे, आणि कुंपणाजवळ खणा, तिथे चाकं कमी फिरलीत म्हणजे माती कमी मिसळली असेल. हे त्याला सुचलं यावरून लफ्ताला कळलं की मुलगा छपराखाली बसून बापाकडे अगदीच दुर्लक्ष करत नव्हता.

त्यांनी दिवसभर खणलं. रस्त्यानं जाणारे थांबत. कुणी विचारलं, उस्तानं फायबरची शेती धरली का. कुणी म्हणालं, खाली तेल लागलं तर आम्हाला आधी सांगा, मग सरकारला. लफ्ता मान वर न करता ढेकळं घमेल्यात टाकत होता. काही ढेकळांवर अजून जुन्या खरवडणीच्या रेषा होत्या, त्याच्याच खरवडणीच्या, आणि तो त्यांच्यावरून अंगठा फिरवी. एका ढेकळात कोंबडीचं पीस अडकलं होतं. ते त्यानं काढलं नाही.

सकाळी भांडं चढवलं. जुनं डांबर वितळलं, माती तळाशी बसली, काड्या आणि पिसं वर तरंगली, ती मुक्कामाला राहिलेल्या कौकबनं झाऱ्यानं काढून टाकली. वरचं स्वच्छ डांबर दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात नवं घातलं. आता कौकब लांब बसली नव्हती. ओढणी नाकावर ओढून ती आगीशीच उभी होती. लफ्ता खोकत होता आणि हलत नव्हता.

पहिला बोरू वाकवला, तो तडकला. जुनं जास्त झालं होतं. नवं घातलं, ढवळलं, पुन्हा धार सोडली. दुसरा बोरू वाकला, पण डांबर बोटाला लागलं आणि ताणलं गेलं. मग थोडं जुनं. तिसऱ्या वेळी बोरू हातात घेतला तेव्हा लफ्ताच्या ध्यानात आलं की हे आपल्याला येतं. फळी किती वाकेल आणि कुठे कुरकुरेल हे तो आयुष्यभर बोटांनी ऐकत आला होता. डांबरही तसंच बोलत होतं. ते कधी कुणी त्याच्या हातात दिलं नव्हतं, एवढंच.

त्यानं बोरू हळूहळू वाकवला. टोकं जवळजवळ एकमेकांना लागली. काळी कातडी चकाकत राहिली, तडा नाही, बोटाला काही नाही.

"हेच," तो म्हणाला.

"आई इथे आली की जिभेनं च्यक करायची," कौकब म्हणाली. "मग भांडं उतरवायची."

लफ्तानं च्यक केलं नाही. भांडं उतरवलं.

डांबर चढवायला त्याला फार वेळ लागला नाही. रूळ फिरत होता, खय्यून आणि कौकब पळी पळीनं ओतत होते. मग सगळे उन्हात बसले. दुपार झाली. कौकबनं भाकरी आणि साय आणली, वर खजुराची काकवी घातली, पण बापानं खाताना होडीवरून नजर काढली नाही. जुवैद आपल्या कामानं निघालाय असं दाखवत दोनदा फाटकावरून गेला. तिसऱ्या वेळी आतच आला आणि उभा राहिला. उन्हाचा कडका वाढला. लफ्ता उठला, होडीच्या पोटावर अंगठा दाबला. ठसा उमटला, आणि हळूहळू भरून आला. डांबर मऊ झालं होतं, पण जागचं हललं नव्हतं. काठाला एकही मणी नव्हता.

"आता हिला घाम नाही," खय्यून म्हणाला. "आता फक्त मला."

दुसऱ्या सकाळी मशूफ पाण्यात सोडली. लफ्ताच्या कारखान्यात एक चाल होती, ती त्यानं जुवैदच्या बापाकडून घेतली होती. नवी होडी प्रथम बांधणाऱ्यानं एकट्यानं न्यायची. तळाशी मधोमध चहाचा भरलेला पेला ठेवायचा, उभ्यानं काठी मारत पलीकडच्या काठाला जाऊन परत यायचं आणि तो चहा मालकाला द्यायचा. चहा सांडला तर होडी मालकाला द्यायची नाही. लफ्ता उभा राहिला, काठी रोवली आणि निघाला. घाटावर माणसं जमली होती. पलीकडे जाऊन तो वळला. होडीची उंच नाकं पाण्यावर अलगद फिरली. परत आला तेव्हा पेला काठोकाठ होता आणि तळ कोरडा होता.

खय्यूननं चहा घेतला, एक घोट प्याला. थंड झालाय म्हणून तक्रार केली, पण पेला रिकामा करूनच खाली ठेवला. मग होडीत उतरताना तो मोठ्यानं, घाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की लाकूड अबू सत्तारचं आहे आणि डांबर माझ्या बहिणीचं.

"हो," लफ्ता म्हणाला. "तिचंच."

त्या आठवड्यात तीन जण आपल्या होड्या घेऊन आले. लफ्तानं त्या स्वतः खरवडल्या, आणि एकेक ढेकूळ स्वयंपाकघराच्या मागे नेऊन टाकलं, जुन्याच जागी. कोंबड्या लगेच येऊन बसल्या. त्याला पहिल्याच दिवशी ठेच लागली. कौकब आता आठवड्यातून दोनदा येते, आणि आली की आधी आगीशी जाते. जुवैदच्या आवारातले खड्डे लफ्तानं विटांनी भरून दिले. ट्रक आला, चाक रुतलं नाही.

दर वर्षी या दिवसांत वबरिया सगळ्यांत आधी आपली मशूफ खरवडायला ओढून घ्यायची, बाकीच्या होड्या मग. ती अजून घाटाला बांधलेली आहे. तिच्या काठाच्या डांबराला बारीक भेगा पडल्यात आणि सकाळी तळाशी ओंजळभर पाणी साचलेलं असतं. लफ्ता ते रोज उपसतो. खय्यून म्हणाला होता की ढिगात घालायला तिच्यावरच्याइतकं चांगलं जुनं डांबर सापडायचं नाही. लफ्तानं त्याला बघू म्हटलं.

ती मशूफ खरवडायची राहिली आहे.